सूर्य मावळायच्या आत: मुलाबाळांसह तंबू घेऊन ब्रोकन हिलला जाताना

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातलं ब्रोकन हिल हे खाणींचं गाव, आणि त्याच्याजवळचं सिल्व्हर्टन. तिथल्या माळावर संध्याकाळी पाचच्या सुमारास आमची तिसरी मेख वाकली. खाली मुरूम, त्याखाली दगड. वारा सुटलेला, तंबूचं एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं मुलीच्या, धाकटा "भूक लागली" म्हणून गळा काढतोय आणि लालबागहून आलेल्या सासूबाई गाडीत शाल पांघरून बसलेल्या. बघता बघता अंधार झाला. पुढचा सगळा संसार आम्ही गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात मांडला, आणि रात्री जेवायला मिळालं ते दशमी आणि शेंगदाण्याची चटणी.

चूक माझीच होती. मेलबर्नहून येताना वाटेतल्या मिल्डुराहून निघताना तिथला सूर्यास्त साडेपाचचा पाहिला होता. ब्रोकन हिलचं घड्याळ अर्धा तास मागे असतं हेही वाचलं होतं, म्हणून अर्धा तास हाताशी आला असं समजून वाटेत रेंगाळले. घड्याळ मागे गेलं, सूर्य कुठला मागे जायला! तिथे जुलैत सव्वापाचला दिवस संपतो.

त्या दिवसापासून आमचा एकच नियम आहे: प्रत्येक दिवसाचा हिशोब सूर्यास्तापासून उलटा मांडायचा. सूर्यास्ताच्या दीड तास आधी तंबू उभा, एक तास आधी शेगडी पेटलेली. त्यातून जो वेळ उरेल तो प्रवासाला. खाली जे लिहिलंय ते सगळं या नियमाला धरूनच आहे.

कधी जायचं, किती दिवस

एप्रिल ते सप्टेंबर. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-फेब्रुवारीत, पारा चाळिशी सहज ओलांडतो. लहान मुलांना घेऊन तंबूत राहायचा विचारही तेव्हा करू नका. जूनच्या शेवटी-जुलैत शाळांना सुट्टी असते, दुपारी कोवळं ऊन असतं आणि माश्या बऱ्याच कमी असतात. मात्र रात्री थंडी कडाक्याची, कधी पारा शून्याच्याही खाली.

मेलबर्नहून जाऊन-येऊन किमान सात रात्री हव्यात. एक मिल्डुराला, तीन ब्रोकन हिल आणि सिल्व्हर्टन मिळून, एक मेनिंडीला, उरलेल्या परतीच्या वाटेवर. "लाँग वीकेंडला उरकून येऊ" म्हणणाऱ्या मित्रांना मी हात जोडते. एका बाजूचं अंतरच जवळपास साडेआठशे किलोमीटर आहे. मुंबई-नागपूर गाडीने जाऊन दोन रात्रीत परत फिरण्यासारखं ते झालं.

निघण्याआधी गाडी

मेलबर्न ते ब्रोकन हिल पूर्ण रस्ता डांबरी आहे, साधी सेडान चालते. फोर व्हील ड्राइव्हची गरज मुख्य रस्ता सोडून आत शिरायचं असेल तरच पडते. गाडी भाड्याची असेल तर करारपत्र नीट वाचा: कच्च्या रस्त्यावर न्यायला आणि गावाबाहेर रात्री चालवायला बऱ्याचदा मनाई असते, आणि तसं करताना काही झालं तर विमा हात वर करतो.

स्टेपनी बाहेर काढून तिच्यात हवा आहे का ते बघा. बघितलंय असं सगळेच सांगतात, प्रत्यक्षात जॅकही डिकीतल्या सामानाच्या तळाशी असतो. तो वर ठेवा. घराच्या अंगणात एकदा चाक बदलून बघा, म्हणजे कुठला नट अडकतो ते तिथेच कळेल.

पाणी माणशी रोज पाच लिटर फक्त पिण्याचं, शिवाय वीस लिटरचा एक कॅन वेगळा. नकाशा फोनवर उतरवून ठेवा, कारण गाव सुटलं की थोड्याच अंतरावर रेंज जाते. आत कच्च्या रस्त्यांवर फिरणार असाल तर यूएचएफ रेडिओ आणि उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवणारं पीएलबी घ्या. पीएलबी भाड्यानेही मिळतं. ट्रकवाले चॅनल ४० वर बोलतात. आणीबाणीला फोन ०००. घरच्या एकाला रोजचा मुक्काम सांगून ठेवा आणि "रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं" तेही ठरवून ठेवा.

भारतातून आईवडील आलेले असतील तर त्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, लागू नाही. त्यांच्या प्रवासी विम्यात दुर्गम भागातून हलवण्याचा खर्च धरलाय का ते विचारा. आणि अॅम्ब्युलन्सचा खर्च मेडिकेअर आपलाही देत नाही. व्हिक्टोरियात कुटुंबाची अॅम्ब्युलन्स मेंबरशिप घेतलेली असेल तर तो प्रश्न मिटतो.

तंबू, अंथरूण आणि आजी

तंबूसोबत येणाऱ्या बारीक मेखा मेलबर्नच्या हिरवळीपुरत्याच असतात. जाड पोलादी मेखा आणि चांगला वजनदार हातोडा न्या. रबरी हातोड्याने मुरमात काही होत नाही. मेख वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात आधी ठोका, आणि अजिबात शिरत नसेल तर दोरी मोठ्या दगडाला किंवा गाडीच्या चाकाला बांधा. दुसऱ्या रात्री आम्ही तेच केलं.

थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. हवेची गादी थंडीत उलट गार पडते. आम्ही खाली फोमची चटई, त्यावर सासूबाईंनी मुंबईहून आणलेली गोधडी आणि मग स्लीपिंग बॅग, असं अंथरलं. गोधडीपुढे दीडशे डॉलरची गादी फिकी पडली. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचा आरामाचा आकडा बघा. ती किती थंडीत तग धरते हा दुसरा आकडा झोपायच्या कामाचा नाही.

साठी-सत्तरीच्या माणसांना जमिनीवर झोपवू नका. गुडघ्यांचा प्रश्न तर आहेच, त्याहून मोठा प्रश्न रात्री दोनदा तंबूची चेन उघडून थंडीत संडासापर्यंत जाण्याचा. ब्रोकन हिलच्या कॅरव्हॅन पार्कांत केबिन मिळतात. आजीला आणि धाकट्याला केबिन, शेजारी बाकीच्यांचा तंबू, असं ठेवलं की सगळे सुखी. सिल्व्हर्टनची उघड्यावरची एक रात्र मात्र आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हट्टाने गाडीतली सीट पाडून काढली. "तारे बघायला आले आणि पत्र्याच्या खोलीत झोपू?"

स्वयंपाक

बुटेनच्या छोट्या डब्यावर चालणारी चपटी शेगडी बहुतेकांकडे असते. बुटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होते, त्याखाली तो द्रवच राहतो. त्यामुळे जुलैच्या पहाटे ती शेगडी फुरफुरते आणि विझते, चहा तर लांबच. प्रोपेनवर चालणारा छोटा सिलिंडर आणि त्याची शेगडी न्या. बुटेनचीच नेणार असाल तर तिच्यावर थालीपिठाचा मोठा तवा ठेवू नका: तव्याखालची आच शेजारच्या डब्यावर परतते, डबा तापतो आणि फुटू शकतो.

तीन लिटरचा कुकर सोबत हवाच. गॅस वाचतो, पाणी वाचतं, आणि खिचडी वीस मिनिटांत होते. शेजारच्या कॅरव्हॅनमधले आजोबा पहिली शिट्टी ऐकून आमचा सिलिंडर फुटला की काय म्हणून धावत आले होते. त्यांना वाटीभर खिचडी दिली.

पहिल्या दोन दिवसांना दशम्या, चटणी, गूळपोळ्या. पुढे थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्यासाठी बेसन, भाजलेला रवा. भाज्यांमध्ये कांदा, बटाटा, कोबी. टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या जरुरीपुरत्याच घ्या, त्याचं कारण परतीच्या प्रवासात सांगते. वारा आणि कोरड्या दिवसांत सरकारी आगबंदी जाहीर होते. त्या दिवशी शेकोटी बंदच, शेगडीचेही नियम असतात, तेव्हा सकाळीच त्या दिवसाची सूचना बघायची सवय लावा.

पहिला दिवस: मेलबर्न ते मिल्डुरा

साधारण साडेपाचशे किलोमीटर, काल्डर हायवे. सहा तास निव्वळ गाडी चालवण्याचे, दोन तास थांबण्याचे. सकाळी साडेसहाला निघालात तर तीनच्या आत पोचाल. बेंडिगोला नाश्ता करून घ्या. वायचप्रूफला गावच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध रेल्वेचे रूळ आहेत, मुलांना उतरून ते बघू द्या. सी लेकजवळचा लेक टिरेल हा मिठाचा तलाव आहे; पाऊस झाला असेल तर बोटभर पाण्यात आकाश दिसतं. तिथे अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका, नाहीतर मिल्डुराला अंधारात पोचाल.

दुसरा दिवस: मिल्डुरा ते ब्रोकन हिल

तीनशे किलोमीटर. मिल्डुराहून अर्ध्या तासावर वेंटवर्थला मरे आणि डार्लिंग या दोन नद्यांचा संगम आहे. दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात. इथे पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरा. पुढे सिल्व्हर सिटी हायवेवर साधारण मध्यावर कूम्बाचं एकच रोडहाउस आहे, त्याच्या भरवशावर निघू नका. एकूण धोरण असं ठेवा: टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरायचीच, भाव बघायचा नाही.

याच वाटेवर जमिनीखालून वेंटवर्थ ते ब्रोकन हिल अशी २७० किलोमीटरची पाण्याची नळवाहिनी जाते. ती २०१९ साली सुरू झाली. त्याआधी शहराची तहान मेनिंडीच्या तळ्यांवर होती आणि दुष्काळ पडला की सगळ्यांचे डोळे त्या तळ्यांकडे लागायचे. ब्रोकन हिलला अंघोळ करताना हे लक्षात असू द्या.

या रस्त्यावर चार गोष्टी सांभाळायच्या. पहिली, कांगारू, एमू आणि रानबकऱ्या. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते रस्त्याकडेला असतात. समोर आलंच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा, स्टिअरिंग फिरवू नका. गाडी उलटून माणसं दगावतात ती जनावर वाचवायच्या नादात. दुसरी, मेलेल्या कांगारूवर बसलेला मोठा गरुड. पोट भरलेला गरुड पटकन उडत नाही, आणि उडाला तर काचेवरच येतो. तो दिसला की वेग अर्ध्यावर आणा. तिसरी, रोड ट्रेन: एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर, लांबी साडेछत्तीस मीटरपर्यंत. तिला ओलांडायला कित्येक किलोमीटरचा मोकळा सरळ रस्ता दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मागे राहा, पुढच्या गावात तुम्हीच तिच्याआधी चहा प्याल. चौथी, समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तो नमस्कार आहे, आपणही उचलायचं. आमच्या धाकट्याने हे काम अंगावर घेतलं आणि तीनशे किलोमीटर तो झोपला नाही.

निघायचं सकाळी नऊनंतर, पोचायचं दुपारी दोनच्या आत. आमच्यासारखं पाच वाजता नाही.

घड्याळाची गंमत

ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्स राज्यात, पण घड्याळ शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाचं. कारण इतिहासात आहे. इथला माल सिडनीकडे जात नव्हता. १८८८ साली सुरू झालेल्या सिल्व्हर्टन ट्रामवे या खासगी रेल्वेने तो साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीपर्यंत आणि पुढे पोर्ट पिरीच्या भट्ट्यांपर्यंत जायचा. व्यवहार तिकडे, म्हणून वेळही तिकडची. आमच्या दोन फोनांवर दोन वेगळ्या वेळा दिसत होत्या. खाणीची सहल किंवा म्युझियम बुक करताना "तुमच्या घड्याळात किती वाजलेत" असं सरळ विचारा. हिवाळ्यात भारतापेक्षा बरोबर चार तास पुढे, त्यामुळे लालबागला फोन लावायचा हिशोब मात्र सोपा.

शिसं: सगळ्यात आधी हे वाचा

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. ब्रोकन हिलच्या पोटात चांदीबरोबर शिसं आणि जस्त आहे. शिशाचं खनिज म्हणजे गॅलेना, राखाडी आणि आरशासारखं चकाकणारं. शंभराहून अधिक वर्षांच्या खाणकामाची धूळ शहराच्या मातीत मिसळलेली आहे, आणि लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासत राहण्याची व्यवस्था तिथे बरीच वर्षं चालू आहे. हे विषारी शिसं अंगात मुख्यतः तोंडावाटे जातं: हात मातीत, मग हात तोंडात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आणि गर्भवतींना जास्त जपायचं.

दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाने घाबरून जायचं कारण नाही. सवयी मात्र कडक ठेवा. काही खाण्याआधी साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवायचे. नुसत्या जेलने जंतू मरतात, धूळ तशीच राहते. चपला-बूट तंबूच्या बाहेर, जे आपल्याला शिकवायला लागत नाही. तंबूत झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. रांगत्या बाळाला जमिनीवर न सोडता धुतलेल्या सतरंजीवर ठेवा आणि ती सतरंजी दुसरीकडे वापरू नका. तोंडातून पडलेली बिस्किटं सरळ कचऱ्यात. नळाचं पाणी प्या, छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी पिऊ नका. आणि खाणीच्या आसपासचे चकाकणारे दगड मुलांना खिशात भरू देऊ नका, कितीही रडले तरी. आमच्या मुलीला म्युझियमच्या दुकानातून डबीत बंद केलेला नमुना घेऊन दिला, प्रश्न मिटला.

या धुळीशी शहराने दिलेली झुंजही बघण्यासारखी आहे. भट्ट्यांसाठी आणि खाणींच्या टेकूंसाठी आजूबाजूची झाडं तोडली गेली आणि वाळू घरात शिरू लागली. अल्बर्ट मॉरिस या हौशी वनस्पती-अभ्यासकाच्या पुढाकाराने १९३६ पासून शहराभोवती कुंपण घालून गुरं-मेंढ्यांना रोखलं आणि स्थानिक झुडपं उगवू दिली. शहरात शिरताना कुंपणापलीकडे राखाडी-हिरवं झुडुपांचं जे कडं दिसतं, ते तेच.

शहरात काय बघायचं, काय सोडायचं

ही मुळात विल्याकाली लोकांची भूमी. १८८३ साली चार्ल्स रास्प हा माउंट गिप्स मेंढीकुरणावरचा कुंपण सांभाळणारा गडी. त्याला इथल्या काळ्या टेकाडात कथील आहे असं वाटलं आणि त्याने जागेवर खुंट्या रोवल्या. निघाली चांदी आणि शिसं. सातजणांनी भागीदारी केली, त्यातून १८८५ साली ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी झाली. आज जगभर बीएचपी म्हणून ओळखतात ती हीच, आणि तिने १९३९ साली हे गाव सोडलं सुद्धा. जिच्यावरून नाव पडलं ती 'मोडकी टेकडी' खणून खणून नाहीशी झाली. तिच्या जागी गावाच्या मधोमध खाणीच्या मातीचा डोंगर उभा आहे. खाणकाम अजूनही चालू आहे.

मुलांचा पहिला खेळ रस्त्यांच्या पाट्यांवर. आर्जंट म्हणजे चांदी, मग ऑक्साइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, सल्फाइड, कोबाल्ट, बेरिल. गाडी थांबवत थांबवत पाट्या शोधायच्या आणि मोठ्या मुलांनी रासायनिक सूत्र सांगायचं. सातवीतल्या मुलीने दोन दिवसांत जेवढं रसायनशास्त्र केलं तेवढं वर्षभरात केलं नव्हतं.

मातीच्या डोंगरावर लाइन ऑफ लोड हे खाणकामगारांचं स्मारक आहे. गंजलेल्या लोखंडाच्या अरुंद बोळातून आत जायचं, आणि भिंतीवर खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक माणसांची नावं, वर्ष आणि मरणाचं कारण. मुलं बाहेरच्या अजस्र बाकावर चढत होती, आई आत एकेक नाव वाचत उभ्या. त्यांचे वडील गिरणीत होते, १९८२चा संप त्यांनी घरात पाहिलेला. इथे १९१९ ते १९२० असा अठरा महिने संप चालला आणि कामगार आठवड्याला ३५ तासांचं काम मिळवून उठले, हे सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी जिंकलं होतं." इथे तासभर ठेवा, शक्यतो सकाळी.

अल्बर्ट कर्स्टन खनिज संग्रहालयात ४२ किलोचा चांदीचा गोळा आहे. लहान मुलांसाठी हे संग्रहालय बाकी सगळ्यांपेक्षा सरस. फ्लाइंग डॉक्टरांच्या तळावर विमानं बघायला मिळतात; दूरच्या शेतांवरच्या लोकांना दवाखाना विमानाने येतो हे मुलांना प्रत्यक्ष बघितल्यावरच पटतं. स्कूल ऑफ द एअर १९५६ पासून रेडिओवर आणि आता इंटरनेटवर लांबच्या मुलांची शाळा चालवते, पण सुट्टीत ती बंद. न्यू साउथ वेल्सच्या सुट्टीच्या तारखा बघून जा. प्रो हार्टची चित्रं बघा. हा माणूस आधी खाणीत काम करायचा. वेळ कमी असेल तर आर्ट गॅलऱ्या सोडा, मुलं कंटाळतात.

उत्तर भागात पत्र्याची एक छोटी लाल मशीद आहे, उंटवाल्यांनी बांधलेली. रेल्वे येण्यापूर्वी आणि नंतरही आतल्या भागाला सामान उंटांवरून जायचं, आणि ते हाकणारे 'अफगाण' म्हटले जात असले तरी त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी असे सगळे होते. १८६६ साली शंभराहून अधिक उंट कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उतरले होते, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात. मशीद ठरावीक वेळीच उघडी असते, म्हणून पर्यटन केंद्रात चौकशी करून जा.

लिव्हिंग डेझर्टची संध्याकाळ

शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर एका टेकडीच्या माथ्यावर १९९३ साली बारा शिल्पकारांनी वाळूच्या दगडात बारा शिल्पं घडवली. त्यांत जॉर्जिया, सीरिया, मेक्सिकोहून आलेलेही होते. सूर्य टेकताना दगड आतून पेटल्यासारखे दिसतात. इथे आमचा नियम अडचणीत येतो, कारण सूर्यास्त बघायचा म्हणजे परतणं अंधारातच. त्यावर दोन उपाय. एक, याच राखीव क्षेत्रात स्टारव्ह्यू नावाचा छोटा तळ आहे. जागा मोजक्याच, त्यामुळे आधी बुकिंग करून तिथेच तंबू ठोका. दुसरा, तंबू आणि स्वयंपाक दुपारीच उरकून फक्त गाडी घेऊन जा आणि परतताना ताशी साठच्या वर जाऊ नका. फाटक केव्हा बंद होतं ते आत शिरतानाच बघून ठेवा. आणि जाकीट गाडीत ठेवू नका, माथ्यावर वारा कापतो.

सिल्व्हर्टन आणि खाणीच्या पोटात

पंचवीस किलोमीटरवरचं सिल्व्हर्टन एकेकाळी काही हजार वस्तीचं होतं. ब्रोकन हिलला मोठं घबाड सापडल्यावर लोक घरंसुद्धा सोडवून घेऊन गेले. आता मूठभर माणसं, एक हॉटेल आणि रस्त्यात फिरणारी गाढवं. गाढवांना दशमी दाखवू नका, गाडीत तोंड घालतात. पुढे पाच किलोमीटरवर मुंडी मुंडीचा उतार: समोर इतकी सपाट जमीन की क्षितिज वाकलेलं भासतं.

पेनरोज पार्कात उघड्यावर तंबूला जागा मिळते आणि झाडांची सावलीही. पण जमीन कशी आहे ते सुरुवातीलाच सांगितलं. दुपारी तीनच्या आत पोचा.

वाटेवरून कच्च्या रस्त्याने आत गेलं की डेड्रीम ही १८८०च्या दशकातली खाण आहे. तिथे वाटाड्याबरोबर खाली उतरता येतं. डोक्यावर शिरस्त्राण, पाठ वाकवून अरुंद पायऱ्या, हाताला लागणारा गार दगड. बंद बूट हवेत. गुडघेदुखी असेल किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल त्यांनी वरच थांबावं. आई वर थांबल्या, तिथे मिळणारा चहा आणि स्कोन त्यांना खाणीपेक्षा जास्त आवडला. बाहेर आल्यावर हात-तोंड धुवा, कपडे बदला आणि मळलेले कपडे पिशवीत बांधून ठेवा. या परिसरात जुने उघडे खड्डे आहेत, तेव्हा खुणा केलेली वाट सोडून मुलांना कुठेही पळू देऊ नका.

मेनिंडीची एक रात्र

ब्रोकन हिलपासून ११० किलोमीटर, डांबरी. किंचेगा राष्ट्रीय उद्यानात डार्लिंगच्या काठी मोठाल्या निलगिरींच्या परिसरात तंबू लावता येतो. बार्किंजी लोक या नदीला बाका म्हणतात. १८७५ साली बांधलेली लाकडी लोकरशाळा अजून उभी आहे. तिथे साठ लाख मेंढ्यांची लोकर कातरली गेली. खांबांना हात लावून बघा, लोकरीतल्या तेलाने लाकूड गुळगुळीत झालंय. आतले रस्ते मातीचे आहेत. पाऊस पडला की आपल्याकडच्या काळ्या रानासारखा चिखल होतो, रस्ता अधिकृतपणे बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. ढग दिसले तर हा टप्पा सरळ गाळा. निलगिरीच्या मोठ्या फांदीखाली तंबू लावू नका, ती वारा नसतानाही तुटते.

परतीची वाट आणि मिरच्या

आम्ही परतताना अॅडलेडला नणंदेकडे गेलो. बॅरियर हायवेने सव्वापाचशे किलोमीटर. पेट्रोल यंटाला. त्यापुढे ऊडला विरा इथे फळमाशीसाठी तपासणी नाका आहे आणि तिथे प्रत्येक गाडी थांबते. ताजी फळं, टोमॅटो, सिमला मिरची, हिरव्या मिरच्या काहीही साउथ ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, दुकानाची पावती दाखवली तरी. लपवलेलं सापडलं तर शेकडो डॉलरचा दंड. मी पाऊण किलो टोमॅटो आणि आईंनी निवडून घेतलेल्या मिरच्या त्यांच्या स्वाधीन केल्या. शिजवलेलं चालतं. म्हणून शेवटच्या रात्री उरलेले टोमॅटो आणि मिरच्या परतून सार किंवा ठेचा करून डब्यात भरा. आम्हाला हे शहाणपण नाक्यावर रांगेत उभं राहिल्यावर सुचलं.

मिल्डुरामार्गेच परतणार असाल तरी फळांचे नियम त्या भागातही असतात आणि बदलतात, निघण्याच्या आदल्या दिवशी बघा.

घरी आल्यावर

तंबू बाल्कनीत झटकू नका. हिरवळीवर पसरून पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. गाडीतले पायपुसणे बाहेर काढून धुवा, मुलांच्या सीटच्या फटी ओल्या फडक्याने पुसा. खाणीतले कपडे वेगळे, दोनदा धुवा, नंतर मशीन एकदा रिकामं चालवा. बुटांचे तळ नळाखाली घासा. एवढं करूनही लाल माती राहतेच. परवा गोधडी उन्हात टाकली तर तिच्या दुमडीतून चिमूटभर निघाली, मी ती ओल्या फडक्याने टिपली आणि फडकं कचऱ्यात टाकलं.